पौंड, पापड आणि रुपयाचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी बहुतेकांना तोंडपाठ असते. त्या पदव्यांसाठी त्यांना महिन्याचा हिशेब कसा जुळवावा लागला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करायची, या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे १७२ रुपये होते. मुंबईत तेवढ्या पैशात एखादे कुटुंब सुखाने राहिले असते. न्यूयॉर्कमध्ये एका विद्यार्थ्याचे जेमतेम भागे. जुलैमध्ये ते तेथे पोहोचले आणि काही काळाने कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्रासमवेत राहू लागले. शिष्यवृत्तीतला काही भाग घरी रमाबाईंना पाठवावा लागे. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले होते. उरलेल्या पैशांतून पोटाला चिमटा काढून जे वाचे, ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांत परत येण्याची मुभा दिली, एवढाच दिलासा. सामान दुसऱ्या जहाजाने पाठवले होते. महायुद्धातल्या पाणबुडीच्या हल्ल्यात ते जहाज पुस्तकांसह बुडाले. भरपाई म्हणून मिळालेले सहाशे रुपये बडोद्याच्या प्रवासाला उपयोगी पडले.

खरा महागडा मुक्काम बडोद्याचाच ठरला. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पैसे मोजले की खोली मिळत होती. बडोद्यात अस्पृश्याला कोणी जागा देईना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात, पारशी नाव नोंदवून, रोज दीड रुपया भाड्याने ते राहिले. पगारदार अधिकाऱ्याला ही रक्कम जड नव्हती. पण अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला आणि त्याने संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही काही ना काही अडचण सांगितली. रात्रीच्या मुंबई गाडीपर्यंतचे पाच तास कमाठी बागेत बसून काढावे लागले. संस्थानाने ज्याच्या शिक्षणावर चार वर्षे खर्च केला, त्याला राहायला एक खोली मात्र संस्थानाच्या राजधानीत मिळाली नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी मिळाली. तरीही बिऱ्हाड परळच्या चाळीतून हलले नाही. काटकसरीने शिल्लक टाकायची आणि लंडनला परत जायचे, हा निश्चय होता. ही शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा निघाले.

मुहूर्त वाईट होता. युद्धानंतर इंग्लंडमधील जीवनखर्च १९१४च्या दुपटीहून अधिक झाला होता. त्यात रुपया कोसळला. १९२०च्या आरंभी तो दोन शिलिंगांच्याही वर गेला होता, तर १९२१ मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला. म्हणजे पाच हजार रुपयांचे पूर्वी पाचशेहून अधिक पौंड आले असते, तेच आता तीनशेच्या थोडे वर. मायदेशातून पैसे मागवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला या फरकाचा फटका बसत होता. आंबेडकरांनी डी.एस्सी.च्या प्रबंधासाठी नेमका रुपयाच्या विनिमयाचाच प्रश्न घेतला होता!

खर्चाला कात्री लावायची ती जेवणालाच. घरमालकीण सकाळी पावाचा तुकडा आणि चहा देई. तेवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठत आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसत. दुपारचे जेवण बहुधा टळे. गाडीभाडे वाचवण्यासाठी पायपीट होई. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने दिलेले पापड आणि कपभर दूध. प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात त्यांचे १९२१-२२ मध्ये वास्तव्य होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन तेथे स्मारक केले.

या काटकसरीची झळ मुंबईतही पोहोचत होती. रमाबाईंनी हे दिवस परळच्या चाळीत कसे रेटले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. या दांपत्याची चार अपत्ये बालपणीच दगावली.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला, पण मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. त्यातील ब्रिटिश धोरणावरची टीका त्यांना जहाल वाटली होती. लंडनमध्ये थांबून दुरुस्त्या करण्याइतके पैसे खिशात उरले नव्हते. एप्रिलमध्ये आंबेडकर मुंबईस परतले, सुधारित प्रबंध येथूनच पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. दरम्यान बॅरिस्टरीची परीक्षा आधीच पदरात पडली होती. अडले ते वकिलीच्या सनदेच्या शुल्कावर. ते पैसेही भथेनांनीच दिले.