शंकूसारख्या डोळ्याला काचेचा आधार

कॉन्टॅक्ट लेन्सचे एक जनक मानले जाणारे नेत्रतज्ज्ञ डॉ. अडॉल्फ ऑयगेन फिक यांचा जन्म १८५२ मध्ये जर्मनीत झाला. 'केराटोकोनस' या विकारात डोळ्याचे पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते आणि चष्मा लावूनही नीट दिसत नाही. झुरिच येथे असताना फिक यांनी अशा रुग्णांसाठी थेट डोळ्यावर बसणारी काच तयार करवून घेतली. आधी सशांवर, मग स्वतःवर आणि त्यानंतरच रुग्णांवर त्यांनी ती वापरून पाहिली. हे प्रयोग १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. काचेखाली द्राक्षशर्करेचे द्रावण भरलेले असे. त्यामुळे पारपटलाचा ओबडधोबडपणा झाकला जाई. मात्र ती जड काच काही तासांपलीकडे सोसवत नसे. १९३७ मध्ये फिक यांचे निधन झाले.

आजच्या स्क्लेरल लेन्सही डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकतात आणि पारपटलासमोर द्रवाचा थर राखतात. तथापि प्रत्येक डोळ्याची घडण निराळी असते. म्हणून लेन्सइतकेच महत्त्व ती मापून बसवणाऱ्या तज्ज्ञाला आहे. असा तज्ज्ञ शोधण्याचे कष्ट रुग्णाने जरूर घ्यावेत. त्या परंपरेचा आरंभ फिक यांच्यापाशी जातो.