टेनिसपटु लीला राव

खेळ हा विद्येचा वैरी आहे, अशी समजूत पुष्कळ पालकांच्या मनांत असते. मुलींच्या बाबतींत तर ती अधिकच दृढ असते. नांदेड-लातूरकडील घरेंही याला अपवाद नाहींत. ही समजूत किती पोकळ आहे, हें लीला राव यांच्या चरित्रावरून ध्यानांत येईल.

लीलाबाईंचा जन्म मुंबईस ता. १९ डिसेंबर १९११ रोजीं झाला. वडील डॉ. राघवेंद्र राव हे त्या शहरांतील नामांकित डॉक्टर. मातोश्री पंडिता क्षमा राव या थोर संस्कृत कवयित्री. वेदांचे गाढे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या त्या कन्या होत. ज्ञानेश्वर, तुकाराम व रामदास यांचीं चरित्रें त्यांनीं संस्कृत पद्यांत रचिलीं. आणि विशेष हें कीं, या विदुषी स्वतः उत्तम टेनिस खेळत. ज्या घरांत आईच्या हातीं लेखणीही आहे आणि रॅकेटही आहे, तेथें कन्येला खेळूं नको असें कोण म्हणणार?

इ. स. १९३१ मध्यें लीलाबाईंनीं अखिल भारतीय स्पर्धेंत महिलांचें एकेरी अजिंक्यपद मिळविलें. पुढेंही तो मान त्यांना अनेकदां लाभला. इ. स. १९३४ मध्यें त्या इंग्लंडांतील विंबल्डनच्या जगद्विख्यात स्पर्धेंत उतरल्या. तेथील सामने हिरवळीवर होतात व हिरवळीवर चेंडू फारसा उसळत नाहीं. पहिल्या फेरींत त्यांची गांठ ग्लॅडिस साउथवेल या इंग्रज खेळाडूशीं पडली. पहिला सेट लीलाबाईंनीं ४-६ असा गमावला. दुसराही गेला असता, तर सामना तेथेंच संपला असता. त्या काळीं टायब्रेक नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राही. १८ गेम झाले, तेव्हां तो सेट १०-८ असा त्यांच्याकडे आला. तिसरा त्यांनीं ६-२ असा जिंकला. विंबल्डनवर एकेरी सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री हा मान अशा रीतीनें त्यांना मिळाला.

पुढच्याच फेरींत फ्रान्सच्या इडा अॅडमॉफ यांनीं त्यांचा पराभव केला. तरीही इ. स. १९३५ मध्यें त्या पुनः गेल्या, आणि पहिल्याच फेरींत हरल्या. परंतु हरण्याच्या भयानें त्या घरीं बसल्या नाहींत, हीच गोष्ट आपण घेण्यासारखी आहे.

पुढें त्यांचा विवाह हरीश्वर दयाल यांच्याशीं झाला. ते नेपाळांत भारताचे राजदूत होते. रॅकेट खालीं ठेवल्यावर लीलाबाईंनीं लेखणी उचलली. आईच्या कथांवरून त्यांनीं संस्कृत नाटकें रचिलीं. नृत्यशास्त्रावरही ग्रंथ लिहिला.

आज त्या आपल्यांत नाहींत. इ. स. २००५ मध्यें आपल्या शेजारच्या हैदराबादची सानिया मिर्झा विंबल्डनवर एकेरी सामना जिंकली, तेव्हां लीलाबाईंच्या विजयास ७१ वर्षें लोटलीं होतीं. एवढा काळ मध्यें कां गेला, याचा विचार पालकांनीं करावा. मैदानाची वाट मुलींना मोकळी असेल, तरच दुसरी लीला निपजेल. आणि पुस्तक बाजूस न ठेवतां ती वाट चालतां येते, हें पहिलीनें दाखवून दिलेंच आहे.