डॉ. इलियट जॉस्लिन

शर्करेची परीक्षा करावयाची असता रसायनशाळेत आपण बेनेडिक्टचे निळे द्रावण तापवितो. शर्करा थोडी असेल तर ते हिरवट होते, अधिक असेल तर पिवळे, आणि पुष्कळ असली म्हणजे विटकरी. ही परीक्षानळी डॉक्टरांच्या मेजावरून रुग्णाच्या घरी नेऊन ठेवणाऱ्या एका अमेरिकन वैद्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

इलियट जॉस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील ऑक्सफर्ड गावी झाला. १८९५ साली हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेऊन पुढे त्यांनी बॉस्टन शहरात व्यवसाय मांडला. थोड्याच काळात खुद्द त्यांच्या मातोश्रींना मधुमेह जडला. त्या काळी या रोगावर औषध असे नव्हतेच. अन्न तोडावयाचे, एवढाच उपाय. मुलाने आखून दिलेला आहार त्या माउलीने निष्ठेने पाळला आणि त्या पुढे अनेक वर्षे जगल्या. वैद्य महिन्यातून एकदा भेटतो, ताट मात्र रोज समोर येते, हे जॉस्लिन यांनी घरातच पाहिले. १९१८ साली त्यांनी मधुमेहावर एक पुस्तक लिहिले, तेही डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी.

१९२१ साली टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला. पुढील वर्षाच्या ऑगस्टमध्ये जॉस्लिन यांनी ते प्रथम एका रुग्णाईत परिचारिकेस टोचले. आता रुग्णाला शिकविण्याचे कारण उरले नाही, असे कोणासही वाटावे. झाले ते उलटच. मात्रा अन्नाच्या मानाने अधिक पडली तर दरदरून घाम फुटतो, शुद्धही हरपते. तेव्हा सुई ज्याच्या हाती, त्याला हिशेबही आलाच पाहिजे. यासाठी त्यांच्या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊन राहत. अन्न तोलणे, मूत्र तपासणे, सुई उकळून घेणे हे त्या आईला आणि मुलाला हाताला धरून शिकवीत. आम्हांस या अनामिक भगिनींचे काम डॉक्टरांच्या कामाहून तिळमात्र उणे वाटत नाही.

आहार, व्यायाम आणि इन्शुलिन हे तीन घोडे आणि रुग्ण हा सारथी, असे रूपक ते योजीत. त्यांची शिस्त मात्र कडक होती. शर्करा वाढली की रुग्ण कोठेतरी चुकला, असे मानण्याकडे त्यांचा कल असे. हे आम्हांस पटत नाही. सर्व नियम पाळूनही शर्करा वाढते, हे आज ठाऊक आहे. तथापि हा रोग घेऊन पंचवीस वर्षे धडधाकट राहिलेल्यांना ते पदक देत, आणि ते पदक डॉक्टरांना नव्हे, रुग्णाला मिळे.

२८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, बॉस्टनमध्ये त्यांचे देहावसान झाले.