गणितज्ञ भास्कराचार्य

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मधला. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला. त्यातील ‘लीलावती’त एक मनोरंजक उदाहरण आहे. विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा व पद्म यांची अदलाबदल केल्यास मूर्तीचे २४ भेद होतात. शंभूच्या दहा हातांतील दहा वस्तूंचे मात्र ३६,२८,८००! एकापासून दहापर्यंतच्या अंकांचा हा गुणाकार होय.

आज संगणकाच्या ‘सी’ भाषेत विद्यार्थी हाच गुणाकार ‘रिकर्सिव्ह फंक्शन’ने करतात. दहाचे उत्तर काढण्यासाठी ते फंक्शन स्वतःलाच नवाचे उत्तर विचारते, नवासाठी आठाचे, आणि एकाशी येऊन थांबते. मग एकेक गुणाकार करीत दहापर्यंत परतते. एकाशी थांबण्याची आज्ञा लिहावयाची राहिली, तर हिशेब कधीच पुरा होत नाही.

पुढे नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो.

विद्यार्थिमित्रहो, एखादे गणित डोंगराएवढे वाटले, तर त्याच्या एक पायरी खालचे गणित आधी सोडवावे. खालची पायरी पक्की झाली, की वरची आपोआप सुलभ होते.