साऱ्या घराचा लेखक : कै. हरि नारायण आपटे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला विषय शोधत बसावे लागले नाही. आपल्या मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. एका सभासदाला एका वेळी एकच पुस्तक, हा आपला नियम. त्यामुळे पुस्तक बदलायला येणाऱ्या बहुतेक भगिनींचा प्रश्न ठरलेला असतो. नातवाला लढाईची गोष्ट हवी, सुनेला सामाजिक कादंबरी हवी, यजमानांना इतिहास हवा, आणि सासूबाईंना कुणी मोठ्याने वाचून दाखवील असे काहीतरी हवे. एकच पुस्तक न्यायचे तर कोणते न्यावे?

अशा वेळी माझा हात पुष्कळदा एकाच लेखकाकडे जातो. कै. हरि नारायण आपटे, म्हणजे सर्वांचे हरिभाऊ. त्यांचे नाव शाळेत सर्वांनीच ऐकलेले असते, पण ते कोण होते व कुणासाठी लिहीत होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. ८ मार्च हा दिवस आज आपण महिला दिन म्हणून साजरा करतो. तो योगायोग खरा, पण स्त्रियांची बाजू कादंबरीतून मांडणाऱ्या ह्या लेखकाच्या बाबतीत तो मोठा शोभून दिसतो. आई लहानपणीच गेली. बालपण मुंबईला मोठ्या एकत्र कुटुंबात गेले. पुढे १८७८ साली आपटे मंडळी पुण्यास आली. नव्यानेच निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर हे शिक्षक त्यांना लाभले. असे गुरू मिळायला भाग्य लागते.

वाचनाचे वेड मात्र त्यांचे स्वतःचे. शेक्सपिअर, स्कॉट, मोलिअर, रेनॉल्ड्स, शिवाय संस्कृत काव्ये, जे हाती लागेल ते ते वाचीत. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ ह्या नावाने भाषांतर केले, तेव्हा त्यावर दीर्घ टीका लिहिण्याचे धाडस ह्या विशीच्या आतबाहेरच्या विद्यार्थ्याने केले. गुरूंचा राग झाला नाही. उलट पुढे दोघांचा स्नेह वाढला. कॉलेजात मात्र गणित आडवे आले आणि पदवी काही मिळाली नाही. परीक्षेत मागे राहिलेल्या मुलाच्या आईने हे जरूर लक्षात ठेवावे. हेच हरिभाऊ पुढे १९१५ साली मुंबई विद्यापीठात मराठी भाषेवर विल्सन व्याख्याने द्यायला उभे राहिले, आणि त्याआधी १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले.

त्यांनी लेखणी उचलली तेव्हा मराठीत कादंबऱ्या नव्हत्या असे नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, आणि गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालची. पण बहुतेक लोकप्रिय कादंबऱ्यांत राजपुत्र, राजकन्या, भयाण अरण्ये आणि अद्भुत योगायोग यांचीच रेलचेल असे. आपल्या शेजारच्या वाड्यात जे घडते ते पुस्तकात यावे, असे फार थोड्यांना वाटले होते. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ साली ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली. रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा आधार तिला होता. तरी चित्र पुण्याच्या मध्यमवर्गाचे होते.

१८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ पत्र काढले. त्यातील लेख म्हणजे घणाचे घाव. ते वाचून विचार करणारे थोडे, आणि चिडून पत्र दूर सारणारे पुष्कळ. माजघरातल्या बायकांपर्यंत तर ते पोचण्याचा संभव कमीच. हरिभाऊंनी ओळखले की जे घणाने होत नाही ते गोष्टीने होईल. म्हणून १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. त्यात चालू कादंबरी असे, लहान गोष्टी असत, कविता, थोरांची चरित्रे, शास्त्रीय माहिती, इतिहास आणि विनोदही असे. केशवसुतांच्या अनेक कविता ह्याच पत्रातून प्रथम लोकांपुढे आल्या. मुलाने एक पान वाचावे, बापाने दुसरे वाचावे आणि आईने तिसरे ऐकावे, असे हे पत्र. मराठीत मुलांसाठी ओकांचे ‘बालबोध’ होते, विद्वानांसाठी ‘विविधज्ञानविस्तार’ होते. साऱ्या घराने मिळून वाचावे असे पत्र मात्र हरिभाऊंनी दिले, आणि ते सुमारे सत्तावीस वर्षे चालवले.

ह्याच ‘करमणुकी’त १८९० ते १८९३ ह्या काळात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः आली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपणच सांगते. तिचे माहेर, तिचा दादा, तिची मैत्रीण दुर्गी, लहानपणीचे लग्न, सासर, शिकलेल्या नवऱ्याच्या सहवासात लागलेली वाचनाची गोडी, मुंबईच्या बिऱ्हाडातले मोकळे दिवस, आणि मग नवऱ्याचा मृत्यू, जबरदस्तीने केलेले केशवपन व तिचा अंत. आज हे वाचताना त्या वेळचे पुणे डोळ्यांपुढे आणावे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. बारा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा गुन्हा ठरला, म्हणून केवढा गदारोळ उठला होता. कादंबरी संपली त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, आणि त्यांच्यावर बहिष्कार पडला. अशा दिवसांत एका पुरुषाने बाईच्या तोंडून, बाईच्या बोलीत, घरातले हाल बोलून दाखवले. त्यात व्याख्यान नाही, कायद्याची चर्चा फारशी नाही. स्वयंपाकघरातली उणीदुणी, नणंदाजावांची बोलणी, लपवून ठेवलेले पत्र, अशा बारीकसारीक गोष्टींतूनच सारे कळते.

पुरुषाला हे कसे साधले, असे मला पुष्कळजणी विचारतात. एकत्र कुटुंबात वाढल्यामुळे घरातल्या बायकांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले होते, हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे काशीबाई कानिटकरांचा स्नेह. काशीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लग्नानंतर वाचायला शिकल्या, आणि पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र व कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्याशी हरिभाऊंचा पत्रव्यवहार होता. स्त्रीच्या मनाची बाजू समजून घेण्यात ह्या स्नेहाचा त्यांना मोठा उपयोग झाला असला पाहिजे.

ह्या पुस्तकासंबंधी आमच्या घरची एक आठवण सांगते. माझ्या लहानपणी आमच्याकडे वडिलांच्या आत्या असत. आम्ही त्यांना आत्याआजी म्हणत असू. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, गळ्यात तुळशीची माळ. त्यांना वाचता येत नसे. दुपारी निवडण-टिपण करताना माझी आई त्यांना पुस्तके वाचून दाखवी. ‘गड आला पण सिंह गेला’ त्यांनी तीनदा ऐकले असेल. एका उन्हाळ्यात आईने यमूची कहाणी सुरू केली. मुंबईच्या बिऱ्हाडाचे दिवस येईपर्यंत त्या खुलून ऐकत होत्या, मधूनमधून हसतही होत्या. मग एके दुपारी त्या आईला म्हणाल्या की, आता इथेच पुरे, पुढचे मला ठाऊक आहे. आईने पुस्तक मिटले. पुढची पाने त्यांनी कधी ऐकली नाहीत. पण काही दिवसांनी त्यांनी आईपाशी पाटी मागितली, आणि मरेपर्यंत त्या आपले नाव लिहू शकत होत्या, एवढे मला पक्के आठवते. पुस्तकाची योग्यता पंडितांनी ठरवावी हे खरे, पण माझ्या मनात ती त्या दुपारीच ठरली.

हरिभाऊंचा प्रपंच केवळ लेखनाचा नव्हता. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे ह्या नामांकित वकिलांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. जुन्या संस्कृत पोथ्या मिळवून त्या शुद्ध करून छापणे हे तिचे काम. तिची व्यवस्था हरिभाऊंनी जन्मभर पाहिली. वेदान्ताचे व धर्मशास्त्राचे ग्रंथ जेथून छापले जात, तेथे राहूनच त्यांनी यमूची कथा लिहिली. जुन्याचा आदर आणि जुन्यातल्या क्रौर्याची चीड ही दोन्ही एका मनात नांदू शकतात, हे त्यांच्याकडे पाहून कळते. प्लेगच्या दिवसांत त्यांनी लोकांची सेवा केली, पुण्याच्या नगरपालिकेत वर्षानुवर्षे काम केले व तिचे अध्यक्षपदही भूषविले. इतके करून दर आठवड्याला ‘करमणुकी’चा मजकूर द्यायचा, म्हणजे केवढी ओढाताण! त्याचा परिणामही झाला. ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘मायेचा बाजार’ ह्या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. काही ठिकाणी पाल्हाळ झाला आहे, तोही ह्याच हप्त्याहप्त्याच्या लेखनामुळे. वाचताना कुठे कंटाळा आला तर चार पाने खुशाल पुढे जावे. गोष्ट हातची सुटत नाही.

आता कपाटापाशी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे वळते. कुणासाठी काय न्यावे?

दहाबारा वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘गड आला पण सिंह गेला’. तानाजी मालुसऱ्यांची कथा मुलांच्या कानावरून गेलेली असते, म्हणून पुस्तक जड जात नाही. पहिल्या वेळी आईने किंवा आजीने मोठ्याने वाचावे. थोडी मोठी मुले ‘उषःकाल’ घेऊ शकतील. शिवाजी महाराजांच्या उदयाच्या काळची ही कादंबरी जाडजूड आहे. मोठ्या सुट्टीत न्यावी. राजकारणाची व डावपेचांची आवड असलेल्या यजमानांना ‘चंद्रगुप्त’ द्यावी, चाणक्य त्यांना सोडणार नाही. विजयनगरच्या नाशाची करुण कथा हवी असेल तर ‘वज्राघात’ आहे.

कॉलेजातल्या मुलांना ‘मी’ वाचायला द्या. आपले आयुष्य समाजकार्याला वाहणाऱ्या भाऊची ती आत्मकथा आहे. त्याच्या ताईची व्यथा वाचताना मुलांनाही बहिणीचे दुःख कळेल. ज्यांना वेळ थोडा, त्यांनी ‘स्फुट गोष्टी’ न्याव्यात. त्यातली ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची गोष्ट एका बैठकीत वाचून होते, पण मनातून लवकर जात नाही. हसायचे असेल तर मोलिअरच्या नाटकावरून केलेले ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ मिळवावे. आपल्या संमेलनात त्यातला एखादा प्रवेश बसवायलाही हरकत नाही. आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ प्रत्येक सुनेने वाचावी, पण तिच्या आधी प्रत्येक मुलग्याने वाचावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ह्यातली पुस्तके मिळवणे आता अवघड नाही. स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपल्यामुळे ती निरनिराळ्या प्रकाशकांनी काढली आहेत. संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या आहेत. मुलांना त्या चालतील. मोठ्यांनी मूळ पुस्तकच घ्यावे. यमूचे बोलणे आखडले की तिच्या कथेतला जीवच जातो.

हरिभाऊंनी आयुष्याच्या अखेरीसही दुसऱ्याचे चांगले पुस्तक लोकांपर्यंत पोचवण्याचे काम सोडले नाही. केशवसुत १९०५ साली वारले, तेव्हा त्यांच्या कवितांचे पुस्तक निघालेले नव्हते. त्यांचा संग्रह हरिभाऊंनी १९१७ साली प्रसिद्ध केला. रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ही त्यांनी मराठीत आणली. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावे वर्ष पुरे व्हायला पाच दिवस उरले असताना, पुण्यास त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, वाचनालय म्हणजे केवळ कपाट नव्हे. घरातल्या कुणाला काय रुचेल, कुणाला काय झेपेल आणि कुणाला कशाची गरज आहे, हे ओळखून पुस्तक घरी नेणारी बाई हेच खरे वाचनालय. हरिभाऊंनी हेच काम आठवड्यामागून आठवडे केले. आपल्या घरी वाचता न येणारे, किंवा डोळ्यांनी अधू झालेले कुणी असेल, तर दुपारचा अर्धा तास त्यांच्यासाठी काढावा, एवढीच ह्या वर्धापनदिनी माझी विनंती आहे. मंडळाचा उत्कर्ष होवो, आणि कपाट सदैव अर्धे रिकामे राहो. उरलेली पुस्तके घरोघरी वाचली जात असोत.