भाषांतरकार ह्युएनत्संग

चिनी प्रवासी ह्युएनत्संग याचें नांव आमच्या विद्यार्थिवाचकांस इतिहासाच्या पुस्तकांतून परिचयाचें आहे. हर्षाच्या कनोजचें आणि दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचें वर्णन त्यानें लिहून ठेविलें. परंतु प्रवास हें त्याचें साधन होतें. भाषांतर हें त्याचें जीवितकार्य होतें. त्याच दृष्टीनें आम्ही त्याचें चरित्र येथें सांगत आहों.

बौद्ध ग्रंथांचीं चिनी भाषांतरें त्या काळीं पुष्कळ होतीं. पण एकाचा दुसऱ्याशीं मेळ बसेना. मूळ पाहिल्यावांचून शंका फिटणार नाहीं हें जाणून तो इ. स. ६२९ च्या सुमारास, राजाज्ञा नसतांही, हिंदुस्थानाकडे निघाला. वाळवंटें व हिमपर्वत ओलांडून तो नालंदेस पोहोंचला आणि वृद्ध आचार्य शीलभद्र यांच्यापाशीं त्यानें अध्ययन केलें. परततांना सिंधु नदींत वादळामुळें कांहीं पोथ्या वाहून गेल्या, तेव्हां त्यांच्या नकला करवून आणण्यासाठीं तो मार्गांत थांबला. ६४५ सालीं ६५७ ग्रंथ घेऊन तो स्वदेशीं चांगआन येथें परतला.

पुढील १९ वर्षें त्यानें भाषांतरांतच वेंचिलीं. हें काम तो एकट्याच्या भरंवशावर करीत नसे. अर्थ ताडून पाहणारे, लिहून घेणारे व भाषा शुद्ध करणारे असे निरनिराळे पंडित त्याच्या साह्यास असत. ज्या शब्दास चिनी भाषेंत जोड नाहीं तो ओढून ताणून बदलूं नये, असा नियम त्यानें घातला, असें परंपरा सांगते. प्रज्ञा हा शब्द त्यानें ध्वनीनेंच चिनी लिपींत ठेविला.

६४७ सालीं कामरूपच्या राजासाठीं लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतांत आणण्याचें काम बादशहानें त्याच्याकडे सोंपविलें. ताओ या शब्दासाठीं बोधि हा शब्द योजावा, असा ताओपंथी पंडितांचा आग्रह होता. दोन धर्मांचे विचार एक नव्हेत, हें जाणून ह्युएनत्संगानें मार्ग हाच शब्द कायम ठेविला.

त्याची सर्वांत मोठी कसोटी वार्धक्यांत लागली. दोन लक्ष श्लोकांचा महाप्रज्ञापारमिता ग्रंथ ६६० सालीं हातीं घेतला, तेव्हां पुनरुक्ति गाळून तो आटोपशीर करावा, अशी शिष्यांनीं विनंति केली. त्याचें मनही वळलें होतें. परंतु त्या रात्रीं भयंकर स्वप्नें पडून त्यानें तो बेत सोडला, असें त्याच्या चरित्रांत आहे. देह थकला असतांही एक अक्षर न गाळतां ६६३ सालीं त्यानें तो ग्रंथ तडीस नेला, आणि पुढच्याच वर्षीं तो निवर्तला. त्यानें भाषांतरिलेल्या ७५ ग्रंथांपैकीं कांहींचें संस्कृत मूळ आज नष्ट झालें आहे. ते त्याच्या चिनी भाषांतरांतच जिवंत आहेत. त्यानें गाळलें असतें, तें जगास कायमचें अंतरलें असतें.

शाळेचें इंग्रजी पत्र घरीं आईस मराठींत समजावून सांगणारा मुलगाही भाषांतरकारच होय. ऐकणारीस मूळ वाचतां येत नाहीं. ती सर्वस्वीं त्याच्या प्रामाणिकपणावर विसंबलेली असते. पत्रांतील न आवडणारें वाक्य गाळण्याचा मोह होईल, तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं या वृद्ध भिक्षूची आठवण करावी.