गर्भवतीचे रक्त आणि डॉ. लूसी विल्स

गर्भारपणात स्त्रीच्या रक्तातील द्रवभाग जवळजवळ दीडपट होतो. तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे रक्त काहीसे पातळ होणे हा निसर्गक्रमच होय. परंतु नव्या पेशी घडविणारी द्रव्ये आहारातून मिळाली नाहीत, तर या निसर्गक्रमाची जागा रक्तक्षय घेतो. या रक्तक्षयाच्या एका प्रकाराचे मूळ ज्यांनी शोधले, त्या डॉ. लूसी विल्स यांच्या संशोधनाचा आरंभ मुंबईत झाला.

बर्मिंगहॅमनजीक १८८८ साली जन्मलेल्या विल्स यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. पुढे वैद्यकाकडे वळून १९२० साली त्या लंडनमध्ये डॉक्टर झाल्या. भारतातील मातामृत्यूंच्या चौकशीसाठी १९२८ साली त्या मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींमध्ये एक घातक रक्तक्षय आढळत होता. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या व अपक्व असत. विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात प्रथिने, फळे व भाजीपाला यांची वाण होती. तशाच आहारावर ठेवलेल्या माकडांनाही हा विकार जडला आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो हटला. स्त्रियांवरही हाच उपाय गुणकारी ठरला. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले.

या अर्कातील अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असे नाव मिळाले. पालकाच्या पानांतून १९४१ साली वेगळे काढण्यात आलेले फॉलिक आम्ल ते हेच. गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतल्यास अर्भकाच्या मज्जारज्जूची जन्मजात व्यंगे पुष्कळ अंशी टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. विल्स १९६४ सालीच निवर्तल्या होत्या. उत्तरायुष्यात त्या लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. रोग आणि दारिद्र्य यांचे नाते त्यांना वेगळे शिकावे लागले नसावे.

या चरित्राचा बोध केवळ वैद्यकीय नाही. आजाराचे कारण गर्भाशयात नव्हते. ते मजुरीत आणि त्या मजुरीतून भरणाऱ्या ताटात होते. भारतात १९७० सालापासून गर्भवतींना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याची सरकारी योजना आहे. तथापि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रातील प्रमाण ४५.७ टक्के होते. यात लोहाच्या उणिवेचा वाटा मोठा आहे. गोळी अवश्य हवी. परंतु घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला डाळ, भाजी व फळ येत नाही, तोवर गोळीवर सारा भार टाकणे म्हणजे विल्स यांचा शोध अर्धाच स्वीकारणे होय.